रबरी मासा, खरी मरळ: सॉफ्ट प्लास्टिकने मासा कसा लागतो आणि का लागत नाही

मोबाइलवर हल्ली एक व्हिडिओ हमखास पुढे येतो. ऑस्ट्रेलियातली खाडी, कंबरभर पाण्यात उभा माणूस, काडीसारखी बारीक गरी आणि टोकाला बोटाएवढा रबराचा तुकडा. दहा मिनिटांत तो तीन चंदेरी मासे काढतो. माशाचं नाव ब्रीम. ते पाहून भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे तरुण तेच सामान घरपोच मागवतात, तलावाच्या पाळीवर उभे राहून दोन तास फेकतात आणि हात हलवत परत येतात. शेजारी बांबूच्या गरीला गांडूळ लावून बसलेल्या पोराच्या पिशवीत मात्र मासे असतात. मग निकाल लागतो की रबर म्हणजे निव्वळ फसवणूक.

फसवणूक रबरात नसते. दुसऱ्या माशासाठी जुळवलेलं सामान आपल्या माशाला लावलं, एवढीच चूक असते. ती कळायला ब्रीम काय करतो आणि मरळ काय करते हे शेजारी ठेवून पाहावं लागतं.

हे रबर नसतंच

आपण रबर म्हणतो ते खरं म्हणजे पीव्हीसी. शेतात पाण्याची लाइन टाकतो त्या पाइपचं तेच प्लास्टिक, फक्त त्यात मऊपणा आणणारं तेलकट रसायन भरपूर मिसळलेलं. हे पातळ मिश्रण साधारण १७० अंशांपर्यंत तापवून साच्यात ओततात. थंड झालं की लवचीक मासोळी, अळी नाहीतर बेडूक तयार. रंग आणि चमकी सोबतच टाकतात, काही जण मीठ आणि वासही घालतात. मिठाने वजन वाढतं आणि तुकडा लवकर बुडतो.

या वस्तूला सॉफ्ट प्लास्टिक म्हणतात. ती ज्या गळावर चढवतात, त्या गळाच्या मानेवर शिशाचा गोळा ओतलेला असतो. तो जिगहेड. मुख्य दोरा आणि गळ यांच्यामध्ये जो हातभर-दोन हात पारदर्शक दोरा बांधतात तो लीडर. एवढे तीन शब्द पुरे आहेत.

वास नाही, जीव नाही, तरी मासा तोंड का घालतो?

माशाला हात नसतात. समोरची वस्तू खायची की नाही हे त्याला तोंडात घेऊनच ठरवावं लागतं. लहान मूल हाती लागेल ते तोंडात घालून पाहतं, तसंच. नको असेल तर मासा क्षणात थुंकतो. आपला सगळा खेळ घेणं आणि थुंकणं यांच्या मधल्या क्षणाचा.

पण तोंडात घेण्याआधी त्याला ती वस्तू जिवंत वाटली पाहिजे. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. तिच्यात पाण्याची बारीक थरथर ओळखणाऱ्या पेशी असतात. जाळ्यात माशी अडकली की कोपऱ्यातल्या कोळ्याला धाग्यावरून कळतं, तसं गढूळ पाण्यातही माशाला शेजारची हालचाल कळते. मऊ शेपटी वळवळली की हीच थरथर निघते. कडक लाकडी किंवा प्लास्टिकच्या मासोळीपेक्षा मऊ तुकड्याची जमेची बाजू ही, की दोरा न ओढताही, नुसता बुडतानाही तो हलत राहतो.

बरेचसे फटके, म्हणजे माशाने आमिषावर मारलेली झडप, या बुडण्यातच पडतात. जखमी मासोळी सरळ पळत नाही. दोन झटके देते, थांबते आणि कलंडत खाली जाते. व्हिडिओत आपल्याला माणूस गरी उचलताना दिसतो, म्हणून आपण उचलत राहतो. मासा मात्र त्यानंतरच्या थांब्यात लागलेला असतो.

ब्रीमचा हिशेब

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पिवळ्या परांचा ब्रीम आणि दक्षिणेकडे काळा ब्रीम, असे दोन मुख्य प्रकार. दोघेही खाडीच्या, नदीमुखाच्या पाण्यात राहतात. कालवांचे खडक, धक्क्याचे खांब, तिवराची मुळं यांच्या कडेला फिरतात आणि कोळंबी, खेकडे, शिंपले खातात. तोंड लहान, पण दाढा शिंपलं फोडण्याइतक्या मजबूत. स्वभाव संशयी. पंगतीत आधी बोटाने चटणी चाखून मग घास घेणारा माणूस असतो, तसा ब्रीम आधी शेपटीचं टोक चिमटून पाहतो.

म्हणून त्याचं सगळं सामान नाजूक. २ ते ३ इंचांचं प्लास्टिक, १ ते साडेतीन ग्रॅमचं जिगहेड, ४ ते ६ पाउंड ताकदीचा विणलेला दोरा आणि तितक्याच ताकदीचा पारदर्शक लीडर. खांबाला चिकटून फेकायचं, तळाला जाऊ द्यायचं, टोक हातभर उचलायचं आणि पुन्हा पडू द्यायचं. मधे तीन-चार सेकंद काहीही करायचं नाही. फटका म्हणजे दोऱ्यावर बारीकसं ‘टिक’. वजन जड झालं तर तुकडा दगडासारखा पडतो आणि ब्रीम बघतही नाही. ब्रीम पकडणारे लोक रंगापेक्षा वजनावर जास्त वाद घालतात ते यामुळे, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पुड्यावरच्या आकड्यांचा घोळ

सामान मागवताना पहिली फसगत इथे होते. जिगहेडवर १/८, १/१६ असे आकडे असतात. ते औंसाचे. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या थोडं वर, म्हणून १/८ म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम, १/१६ म्हणजे पावणेदोन आणि १/४ म्हणजे सात. खालचा आकडा मोठा, तर वजन कमी.

गळाच्या मापाचा घोळ याहून मोठा. नुसता आकडा असेल तर तो वाढत जाईल तसा गळ लहान होतो: ८ नंबरचा ४ पेक्षा बारीक. पण आकड्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य असेल तर उलट: ४/० हा १/० पेक्षा मोठा. ‘चार नंबर’ म्हणून मागवलेला गळ मरळीच्या जबड्यात टाचणीसारखा दिसतो, तो यामुळेच. दोऱ्याची ताकद पाउंडात असते. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास.

आता आपली मरळ

मरळीचं आयुष्य ब्रीमच्या अगदी उलट. खाडी नाही, भरती-ओहोटी नाही. मालगुजारी तलावाचा (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाचा) उथळ काठ, कमळाची पानं, शिंगाड्याचे वेल, बेशरमाची झुडपं आणि खाली गाळ. ती कल्ल्यांनी श्वास घेते, पण शिवाय हवाही लागते. म्हणून अधूनमधून वर येऊन तोंड उघडते आणि पाण्यावर ‘बुळुक’ करून एक वर्तुळ उमटतं. ते दिसलं तर समजावं की मरळ तिथेच आहे.

शिकारीची रीत मांजराची. कोठीजवळ मांजर बसतं तशी ती पानाखाली निश्चल असते. बेडूक, लहान मासे, मोठे किडे डोक्यावरून गेले की खालून उसळून एका दमात आत. चाखणं नाही, संशय नाही. तोंड मोठं, दात बारीक पण धारदार, जबडा हाडाचा. आणि लागल्यावर ती मोकळ्या पाण्यात पळत नाही, सरळ वेलात घुसते.

आता ब्रीमचं सामान इथे लावून पाहा. दोन ग्रॅमचं उघड्या गळाचं जिगहेड पहिल्याच फेकीला शिंगाड्याच्या देठात अडकतं. चुकून मरळ लागली तरी बारीक गळ हाडाच्या जबड्यात रुतत नाही, आणि रुतलाच तर सहा पाउंडाचा दोरा वेलात गुंडाळून एका झटक्यात तुटतो.

मरळीसाठी सॉफ्ट प्लास्टिकचाच दुसरा अवतार आहे: पोकळ बेडूक. ४ ते ६ सेंटिमीटरचा, ८ ते १५ ग्रॅमचा, आतून फुग्यासारखा रिकामा. पोटाखालून निघालेल्या दुहेरी गळाची दोन्ही टोकं पाठीवर अंगाला चिकटून असतात. वेलावरून ओढला तर काही अडकत नाही. मरळीने दाबला की पोकळ अंग चपटं होतं आणि टोकं उघडी पडतात. कल्पना साधी आहे, पण झकास.

सोबतचं सामान: साडेसहा-सात फुटांची दणकट गरी, ३००० मापाचं रीळ, ३० ते ५० पाउंडाचा विणलेला दोरा. गर्द वेलात लीडर नको, दोरा थेट बेडकाला बांधावा. गाठ पालोमार. दोरा वीतभर दुमडून दुहेरी करा, तो दुहेरी फास कडीतून ओवा, साधी सैल गाठ मारा, मग फासातून अख्खा बेडूक पलीकडे काढा. थुंकी लावून सावकाश आवळा; कोरडी गाठ घासून कमजोर होते. उरलेलं टोक तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा.

बेडूक पाण्यावर चालवायचा कसा

मरळ जिथे वाटते तिथे बेडूक आदळू नका. दोन-तीन हात पलीकडे टाका आणि वर्तुळं विरेपर्यंत थांबा. मग गरीचं टोक खाली ठेवून मनगटाने लहान झटके: टुक, टुक, थांबा. थांबण्याची जागा महत्त्वाची. दाट पानांवर झरझर न्या आणि पानांमध्ये जिथे ताटाएवढं मोकळं पाणी असेल तिथे तीन ते पाच सेकंद सोडून द्या. तिथेच फटका पडतो.

नव्या बेडकावर घरीच थोडं काम करावं लागतं. गळाची टोकं अंगात फार रुतलेली असतील तर पकडीने दोन्ही बाजूंना दोनेक मिलिमीटर बाहेर वळवा, नाहीतर मासा दाबूनही टोक उघडं पडत नाही. बेडकामागे लोंबणारे झालरीचे पाय फार लांब असतील तर मरळ पायच ओढते. बोटभर ठेवून बाकी कापा. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड कापला तर बेडूक सरळ न येता डुलत येतो. आणि गळ जिथून बाहेर येतो त्या भोकातून पाणी शिरतंच. बेडूक मागून बुडायला लागला की हातात घेऊन पिळा. हे विसरून ‘आज मासाच नाही’ म्हणणारे पुष्कळ.

फटका पडला, मासा नाही लागला

पहिल्या वर्षी होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप वर जातो आणि बेडूक मरळीच्या तोंडातून निसटून आपल्याच कपाळाकडे येतो. आवाज आला की गरी खाली पाण्याकडे न्या, मनात ‘एक… दोन’ म्हणा, तेवढ्यात रिळाने सैल दोरा गुंडाळा, वजन जाणवलं की मगच कचकून वर. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मांजा ढिला असेल तर कितीही हिसडा मारा, पतंगाला कळत नाही.

लागल्यावर दया नको. रिळाचा ताण आधीच घट्ट केलेला हवा आणि मरळीचं डोकं वर राहिलं पाहिजे. ते एकदा वर आलं की ती वेलावरून घसरत येते. खाली गेलं तर निम्मा वेल उपटून आणावा लागतो.

फटका चुकला तर बेडूक ओढून काढू नका, तिथेच पडू द्या आणि अगदी हलका हलवा. मरळ बऱ्याचदा परत फिरते.

मोकळ्या पाण्यात

उन्हाळ्यात तलाव आटून वेल मागे सरतो तेव्हा बेडकाऐवजी ३ ते ४ इंचांची चपट्या शेपटीची मासोळी बरी. तळाला काडीकचरा असतो, म्हणून गळ लपवून लावायचा. ३/० किंवा ४/० चा खांदा मोडलेला, म्हणजे कडीजवळ दांडी नागमोडी वाकवलेला, गळ घ्या. टोक मासोळीच्या नाकातून अर्धा सेंटिमीटर आत घालून हनुवटीखालून काढा, गळ अर्धा फिरवून कडी नाकात लपवा. मग गळ अंगाला समांतर धरून टोक कुठे येतं ते बघा आणि तिथूनच सरळ आरपार काढून वरच्या कातडीत किंचित टोचून ठेवा. मासोळी सरळ दिसली पाहिजे. जराही वाकडी बसली तर ती पाण्यात गरगरते आणि दोऱ्याला पीळ पडतो.

खोली मोजायला आकडे म्हणा. पडल्यापासून दोरा सैल होईपर्यंत सहा आले तर पुढच्या वेळी पाचवर ओढायला लागा. ब्रीमकडून उसनं घ्यायचं ते हे.

गांडूळ फुकट असताना हे कशाला?

रास्त प्रश्न. पोटासाठी मासा हवा असेल तर गांडूळच बरं, त्यात वाद नाही. पण गांडुळाला लहानमोठं सगळंच येतं आणि बऱ्याचदा गळ पोटापर्यंत गिळतं. असा मासा सोडला तरी जगण्याची खात्री नसते. बेडकाला येते ती बहुधा मोठी मरळ, आणि गळ ओठाला किंवा जबड्याला लागतो. वितभर मरळ आली तर ओल्या हाताने धरून, पकडीने गळ काढून सोडता येते. बोटाने काढायला जाऊ नका, दात सोलतात.

रोहू, कतला, मृगळ लागतील का, हेही विचारलं जातं. नाही. ते पाण्यातलं सूक्ष्म जीवन, शेवाळ, सडका पाला खाणारे. त्यांना कणकेचा गोळाच बरा. शिंगाडा मासा आणि वाम मात्र शिकारी आहेत, तळालगत सावकाश ओढलेल्या मासोळीला कधीमधी येतात.

प्लास्टिकचं काय, हा आक्षेप मात्र खरा आहे. तुटून राहिलेला तुकडा कुजत नाही. फाटलेली मासोळी पाळीवर टाकायची नाही, खिशात घालून घरी न्यायची. दोऱ्याचे तुकडेही उचलायचे, बगळ्यांच्या आणि बदकांच्या पायात तेच अडकतात. जिगहेडचा गोळा शिशाचा असतो. तो दाताने दाबू नये आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. जुनी प्लास्टिकं घरच्या भांड्यात वितळवून नवी ओतायचे व्हिडिओही फिरतात. तसलं स्वयंपाकघरात करू नका. पीव्हीसी करपलं की निघणारी वाफ आम्लाची असते.

विदर्भाचं ऊन आणि प्लास्टिकचा डबा

मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतं. दुचाकीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या काचेमागे किती होत असेल ते वेगळं सांगायला नको. तिथे ठेवलेल्या मासोळ्या वाकतात, आणि एकदा वाकलेली शेपटी हलत नाही. उपाय आहे: उकळी येऊन उतरवलेल्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा, गार पाण्यात आडवी ठेवा. मूळ आकार बराचसा परत येतो.

दुसरी गंमत रसायनाची. मऊ करणारं तेल हळूहळू बाहेर झिरपत असतं. दोन वेगळ्या जातीची प्लास्टिकं एका कप्प्यात ठेवली तर महिन्याभरात चिकट लगदा होतो. काही कडक प्लास्टिकचे डबेही त्याने विरघळतात. प्रत्येक प्रकार आपापल्या मूळ पुड्यातच ठेवावा, आणि पुडा घरात, माठाजवळच्या गारव्यात. लहान मुलांच्या हाती देऊ नये. ती तोंडात घालतात, आणि ते तेल पोटात जाण्यासारखं नसतं.

तलाव कुणाचा आहे?

पाणी मोकळं दिसतं, मासा मोकळा नसतो. पूर्व विदर्भातले कितीतरी तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. ढीवर कुटुंबं त्यात बीज सोडतात, राखण करतात, त्यावर घर चालतं. तिथे छंदाची गरी टाकायची तर आधी संस्थेच्या माणसाला विचारायचं, आणि काढलेल्या माशाचं काय करायचं तेही त्यांनीच ठरवायचं. गावतलावासाठी ग्रामपंचायतीत विचारावं. पेंचच्या तोतलाडोहासारख्या व्याघ्र प्रकल्पातल्या पाण्यात मासेमारीला बंदीच आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या जंगलाला लागलेल्या तलावांवर दिवस मावळेपर्यंत एकट्याने थांबू नये. वाघही पाण्यावर येतो, आणि गरीवाल्याचं लक्ष पाण्यात असतं.

जून लागला की

मरळीसाठी मार्च ते मे सगळ्यात चांगले; सकाळी आठच्या आत, नाहीतर ऊन कललं की. हिवाळ्यात ती सुस्त असते, तेव्हा दुपारी, बेडूक सावकाश. पावसाळ्यात मात्र बेडूक डब्यातच राहू द्यावा. पाऊस पडला की मरळ उथळ पाण्यात वेल बाजूला सारून घरटं करते, आणि काही दिवसांत पाण्यावर लालसर-नारिंगी पिलांचा ताटाएवढा डाग फिरताना दिसतो. त्याच्याखाली आई-बाप असतात. तिथे बेडूक पडला की फटका नक्की पडतो, पण तो भुकेचा नसतो. पिलांवर आलेल्याला हाकलायचा असतो. तो मोठा मासा काढून नेला तर तो डाग दुसरे मासे आणि पाणकावळे मिळून संपवतात. असा डाग दिसला तर दोरा गुंडाळा.